गव्हात ठेवलेलं कानाचं मशीन

मित्रांनो, जुन्या पत्र्याच्या डब्याला कुणी 'कसा आहेस?' म्हणून विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मी चौकोनी आहे, एका कोपऱ्यात चेपलेला आहे आणि स्वभावाने जरा कुरकुऱ्या आहे. कोपरीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, ओट्याखाली माझी जागा. कोठीतले गहू माझ्यात भरायचे, गिरणीत न्यायचे आणि पीठ घेऊन परत यायचं, एवढंच माझं काम. पण गेल्या शनिवारी याच कामात माझा जीव असा टांगणीला लागला की अजून आठवलं तरी झाकण थरथरतं.

माझा जन्म तेलाचा डबा म्हणून झाला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी तेल घेऊन आलो आणि रिकामा झाल्यावर भंगारात जायच्या रांगेत उभा राहिलो. तिथे फिटर असलेल्या सखारामने मला उचललं. एका पत्रेवाल्याकडून माझा वरचा पत्रा कापून घेतला, झाकण बसवलं, दोन्ही बाजूंना कड्या लावून घेतल्या. त्याच्या बायकोने, कलावतीने, लाल ऑइलपेंटने माझ्या पोटावर आपलं नाव लिहिलं. गिरणीत डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून हो. पण मला मात्र त्या नावाचा फार तोरा होता.

पुढे कलावती गेली. घरात पिशवीतलं तयार पीठ येऊ लागलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तीन वर्षं मी धूळ खात पडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग सखारामच्या मुलाची, सुशांतची, बायको म्हणून हेमा या घरात आली. तिने एका दिवाळीत मला खाली काढलं, गंज घासला आणि म्हणाली, "अगंबाई, अजून किती घट्ट आहे हा! याला कशाला टाकायचं?" खरं सांगतो, मला रडू आलं.

तरी हेमाची एक गोष्ट मला खटकायची. तिचं ते सारखं हसणं. दूध उतू गेलं, हसली. रिक्षा चुकली, "बरं झालं, चालणं होईल." अरे, माणसाने कधीतरी कपाळाला आठी घालावी की नको? मी मनात म्हणायचो, 'बये, एक दिवस हे हसणं तुला महागात पडणार.'

आता सान्वीबद्दल सांगतो. हेमा आणि सुशांतची ही आठ वर्षांची लेक. तिला डाव्या कानाने जन्मापासून काहीच ऐकू येत नाही. उजव्या कानामागे मशीन लावलं की मात्र येतं. मागचं मशीन बिघडलं तेव्हा नवीन मिळायला आठ महिने लागले. तपासण्या, नंबर, पुन्हा तपासण्या. त्या आठ महिन्यांत पोर बोलायचीच बंद झाली. शाळेतून यायची आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसून नुसती चित्रं काढायची. जेवायला बोलवायचं तर हेमा तिच्या खांद्याला हात लावायची. नवीन मशीन आलं आणि ती पुन्हा बडबडायला लागली, तेव्हा सखाराम आजोबा देवासमोर लहान मुलासारखे रडले होते.

शनिवारी सकाळी सान्वी मशीन न काढताच डोक्यावरून पाणी घेऊन मोकळी झाली. हेमाने पटकन त्यातला सेल काढला, मशीन पुसलं आणि एका वाटीत घालून खिडकीत ठेवलं. "सुकू दे. रडायचं नाही," तिने खुणेने सान्वीला सांगितलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

आजोबांना कुठे धीर! त्यांचा मोबाइल एकदा बादलीत पडला होता आणि तांदळात ठेवल्यावर चालू झाला होता. त्यांनी तांदळाचा डबा उघडला, तर तांदूळ तळाला गेलेले. मग त्यांनी माझं झाकण उघडलं. "धान्य ते धान्य," असं पुटपुटत त्यांनी मशीन माझ्या गव्हात खुपसलं आणि चप्पल घालून नवीन सेल आणायला स्टेशनजवळच्या दुकानात गेले. कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच काय? आमच्या घरी गिरणीचा वार रविवार. सुशांत मला खांद्यावरून नेतो. शनिवारी मला कुणी हात लावत नाही.

पण हेमा गच्चीवरून आली आणि तिला वाटलं, सुशांतची कालची डबल ड्यूटी झालीये, उद्या त्याला झोपू दे, आपणच दळण टाकून येऊ. खिडकीतल्या वाटीकडे न बघताच तिने मला कडेवर घेतलं. सान्वीला शेजारच्या दर्शनाकडे बसवलं आणि निघाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी असा काही ओरडलो असतो की अख्खी कोपरी गोळा झाली असती! 'अगं, थांब! झाकण उघड! पोरीचे कान माझ्या पोटात आहेत!' पण मी पडलो पत्रा. नुसता खडखडलो. हेमाला वाटलं, कडी सैल झालीये.

कडी सैल झालीच होती. रस्त्यात ती निखळली, मी कलंडलो आणि दोन-तीन ओंजळी गहू खाली सांडले. मला वाटलं, सुटलो! आता मशीन बाहेर पडेल आणि हिला दिसेल. कसलं काय. त्या धक्क्याने ते उलट आणखी खोल गेलं. दुसरी कुणी असती तर मला लाथ घातली असती. हेमा म्हणाली, "चला, कबुतरांची सोय झाली," आणि मला पोटाशी धरून पुढे चालू लागली. मी दात-ओठ खाल्ले असते, असते तर.

गोविंदाच्या गिरणीत माझ्यापुढे तीनच डबे होते. गोविंदा इथलाच, पूर्वी त्याच्या घरच्यांची खाडीकडे मिठागरं होती म्हणतात. आवाज मोठा, हात झपाट्याचा. डबा उचलला की सरळ वर ओततो, आत बघायला त्याला वेळ नसतो. पहिला डबा गेला. दुसरा गेला. प्रत्येक डब्याबरोबर दगडांची ती घरघर माझ्या पत्र्यात घुसत होती. तिसरा डबा सगुणाबाई नावाच्या एका म्हातारीचा होता. गोविंदाने तो उचलला आणि तेवढ्यात लाईट गेली.

एकदम आरडाओरडा सुरू झाला. पांढऱ्या शर्टातले एक काका तर गोविंदावरच धावून गेले. "इन्व्हर्टर का ठेवत नाही? लोकांना काही कामधंदे आहेत की नाही?"

"काका, गिरणी काय इन्व्हर्टरवर चालते काय?" गोविंदा पण भडकला. "घाई असेल तर डबा उचला नि जा!"

मी मनातल्या मनात विनवण्या करत होतो. 'हेमा, तू पण चीड. मला उचल आणि घरी ने.' तिने घड्याळ बघितलं. मला आशा वाटली. पण ती म्हणाली, "गोविंदादादा, तुम्ही तरी काय करणार? पंखा नाही, काही नाही, बाहेर येऊन बसा जरा." आणि स्वतः पायरीवर बसली. धन्य आहे बाई!

शेजारी सगुणाबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांत मोतीबिंदू. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माजे गहू तसेच आणलेत गो. निवडायला डोल्यांना दिसतच नाय. घरातल्यांना येल नाय."

"द्या इकडे. नाहीतरी बसलेच आहे मी," हेमा म्हणाली. तिने गोविंदाकडून सूप मागून घेतलं आणि म्हातारीचे सगळे गहू निवडून दिले. अर्धा तास गेला. गप्पा चालू होत्या आणि मी प्रत्येक क्षणाला वरचा दिवा लागतो की काय म्हणून धसकत होतो.

"आता तुजा डबा आन," सगुणाबाई म्हणाल्या. "तू माजे निवडलेस, मी तुजे निवडतंय."

"आजी, माझे निवडलेलेच आहेत."

झालं! माझी शेवटची आशा गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

म्हातारीचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ दे मंग. आंधलीचं काम कोनाला पायजे?"

हेमाने मला पुढे ओढलं. "तसं नाही हो आजी. एखादा खडा राहतो कधी कधी. घ्या बघून."

पहिलं सूप भरलं. सगुणाबाईंची बोटं दाण्यांवरून फिरली. काही नाही. आणि लाईट आली. पट्टा फिरू लागला, घरघर सुरू झाली. गोविंदाने म्हातारीचं दळण भराभर काढलं आणि थेट मलाच उचलून खांद्यावर घेतलं. "चला वहिनी, तुमचा नंबर!"

माझ्या खाली गिरणीचं तोंड उघडं होतं. आजवर शेकडो वेळा मी त्यात रिकामा झालोय, पण त्या दिवशी माझ्या पत्र्याला घाम फुटायचा बाकी होता.

"ठेव रं खाली!" सगुणाबाई ओरडल्या. "माजं निवडून झालं नाय अजून!"

"आजी, मागे लाईन बघा केवढी झालीये!"

तेव्हा हेमाच बोलली. "दादा, त्या काकांचा डबा घ्या आधी. त्यांना घाई आहे. आमचं सावकाश होऊ दे."

गोविंदाने मला धपकन खाली ठेवलं. आयुष्यात इतकं सुंदर मला कधी कुणी आपटलं नव्हतं.

दुसरं सूप भरलं. मशीन घरंगळून त्यात पडलं. गव्हाच्याच रंगाचं, हेमाच्या डोळ्यांसमोर होतं, पण ती बोलता बोलता रस्त्याकडे बघत होती. सगुणाबाईंची बोटं त्यावर थांबली. "यो बघ खडा, केवढा मोटा!" म्हणत त्यांनी तो उचलला आणि गटाराकडे फेकायला हात मागे नेला. मग बोटांनीच त्यांना अडवलं. "नाय गो. यो खडा नाय. हलका हाय नि गुलगुलीत लागतो. बघ तरी काय हाय."

हेमाने बघितलं. तिचं हसणं असं विझलं की मलाच भीती वाटली. तिने ते मशीन मुठीत घट्ट धरलं आणि मूठ कपाळाला टेकवली. म्हातारी घाबरून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात, घरी ओट्याखालची माझी जागा रिकामी बघून सखाराम आजोबा धावत आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुशांतची. गिरणी घरघरत होती, बाहेर पीठ उडत होतं आणि मी अर्धा रिकामा बसलो होतो. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. रस्त्यातच मटकन खाली बसले. "हेमा, मी घातलं गं त्यात. मीच. पोरीचं वाटोळं केलं मी."

हेमाच्या ओठांवर शब्द आले होते. मी बघितले ना! कडक, सुरीसारखे, आणि तिच्या जागी मी असतो तर एकही गिळला नसता. तिने आजोबांकडे बघितलं. ते छातीवर हात दाबून बसले होते. तिने मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "बाबा, हे बघा. आहे. तुम्ही सेल आणलात ना? द्या. चला घरी."

घरी मशीन पुन्हा पुसून, उन्हात ठेवून संध्याकाळी तिने सेल घातला आणि सान्वीच्या कानामागे लावलं. मागे उभं राहून हाक मारली. "सान्वी!" पोर चित्र काढत राहिली. पुन्हा मारली. काही नाही. मी ओट्याखाली श्वास रोखून होतो. हेमाने मशीन काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. या वेळी तिला हाक मारायचा धीर होईना. कोपऱ्यात पाठ करून बसलेल्या आजोबांना फक्त एक हुंदका आवरला नाही.

सान्वीने रंगाची कांडी खाली ठेवली. मागे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही का रडताय?"

मित्रांनो, मी पत्र्याचा. आत काय आहे ते मला ओरडून सांगता येत नाही, म्हणून माझ्यात काही ठेवलंत तर घरात एकाला तरी सांगत जा आणि गिरणीत नेण्याआधी झाकण उघडून बघत जा. आणि हो, हेमाच्या हसण्यावर मी कुरकुरायचो ना? ते मी बंद केलंय. लाईट गेल्यावर त्या दिवशी सगळेच चिडले होते आणि माझी इच्छा होती की हिनेही चिडावं. तिने माझं ऐकलं नाही, म्हणून आज सान्वीला ऐकू येतंय.