चेंडूवरचे नखांचे व्रण

तुम्ही खोटं लिहिलंत.

सोमवारी सकाळी मैदानाच्या लोखंडी दरवाजावर तुम्ही कागद चिकटवलात. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे आणि खाली फक्त 'समिती' असं लिहिलंय. नाव कुणाचंच नाही. 'संघाचे नुकसान होईल असे निर्णय वारंवार घेतल्यामुळे मॅनेजर एवेनोर गाइतान यांना पदावरून दूर करण्यात येत आहे.' वारंवार! अकरा वर्षं तो माणूस आमच्या बेसबॉल संघाच्या बाकावर बसतोय, आणि तुम्हाला आठवते एका रविवारची दुपार. तीही सावलीत बसून, मांडीवर खायच्या विगोरोनचं केळीचं पान घेऊन पाहिलेली.

मंगळवारी तुमचा माणूस माझ्या दारात आला. मी झुले विणतो. मागावर अर्धा झुला ताणलेला होता, म्हणून उठलो नाही.

"ओफिल्यो, आता तूच मॅनेजर," तो म्हणाला. "चौदा वर्षं कॅचर आहेस, पोरं तुझं ऐकतात. फक्त जरा आवाज चढवायला शीक. मॅनेजरचा दरारा पाहिजे बाबा. अंपायरच्या अंगावर जायचं, टोपी आपटायची. लोकांना दिसलं पाहिजे की संघ कुणीतरी चालवतंय."

"बसा. कॉफी घेता?"

"घाईत आहे. येत्या रविवारचं काय ते सांग."

"लिहून कळवतो."

तो हसला. "तू? लिहून?"

हो, मी. चौथी नापास. हे घ्या.

आधी मॅनेजर कसा असतो ते सांगतो, कारण तुम्हाला ते ठाऊक नाही. एवेनोरना सगळा गाव मास्तर म्हणतो. खोगीर, पट्टे, चपला, कातड्याचं काहीही शिवायचं असलं की मास्तर. आमच्या संघाचं नावच 'तालाबार्तेरोस', म्हणजे खोगीरवाले. मास्तर सामन्याला येताना खिशात आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन येतात. सामना चालू असताना कुणाच्या तरी हातमोज्याची वादी ओवत बसतात. मान खाली. तुम्हाला वाटतं, म्हातारा झोपलाय. तिकडे डावीकडच्या खेळाडूचा पाय मुरगळला की वर न बघता म्हणतात, "एर्नान, लंगडतोयस. ये आत."

एकदा अंपायर फिलेमोन काकांनी बाकाजवळून जाताना चिडवलं, "मास्तर, रिकामे असाल तर माझा बूट पण शिवा की!"

"बूट नंतर," मास्तर म्हणाले. "आधी डोळ्यांचे टाके उसवून देतो. ते काम फुकट."

काका इतके हसले की पुढचा चेंडू पाहायचाच राहिला.

टोपी मात्र मास्तरांनी अकरा वर्षांत एकदाही आपटली नाही. नवी टोपी घ्यायची तर तुमच्याकडे अर्ज करावा लागतो, तेही एक कारण असेल.

आता चेंडूचं. हे नीट वाचा, सगळं यावरच आहे.

चेंडू टाकणारा पिचर दमला असं वाटलं की कुठलाही मॅनेजर मैदानात जातो, मधल्या मातीच्या उंचवट्यावर चढतो आणि विचारतो, "कसं वाटतंय?" मास्तर विचारत नाहीत. तळहात पुढे करतात. पिचरनं चेंडू द्यायचा. मास्तर तो एकदा फिरवून बघतात आणि मग एक तर परत देतात, नाही तर खिशात टाकतात. खिशात गेला की पिचर बाहेर, नवा माणूस आत. लोक म्हणायचे, म्हातारा चेंडूवर मंत्र टाकतो. मलाही त्यांच्या पहिल्या वर्षी तसंच वाटलं. एक दिवस विचारलं.

"पिचरला विचारून काय उपयोग?" ते म्हणाले. "हात गळून पडला तरी तो 'बरा आहे' म्हणणार. कातड्याला विचारायचं. कोपर दुखायला लागलं की बोटं घाबरतात. मग चेंडू नुसता धरत नाहीत, आवळतात. शिवणीच्या बाजूला नखं रुततात. हे बघ." आणि त्यांनी एका चेंडूवरच्या बारीक चंद्रकोरी मला दाखवल्या.

आमच्या गटात सामन्याला जेमतेम सहा चेंडू. एकच चेंडू दोन-दोन डाव चालतो, त्यामुळे खुणा राहतात. फाटला तरच नवा मिळतो, आणि तो अंपायरकडून मागायचं काम माझं, बॅटवाल्यामागे बसणाऱ्या कॅचरचं.

आता रविवार.

तीन सामन्यांतला पहिला आम्ही जिंकलो होतो. हा दुसरा. जिंकलो असतो तर सहा वर्षांनी वरच्या गटात. पिचर यादेर पुतोय, वय चोवीस, आठवडाभर भट्टीवर मातीची गाडगी करतो आणि रविवारी असा चेंडू टाकतो की समोरच्याला बॅट वाकडी वाटावी. सहा डाव झाले होते. आम्ही दोन-शून्यनं पुढे. यादेरला एकही हिट, बेस गाठून देणारा फटका, बसलेली नव्हती. लोकांनी पत्रे बडवायला सुरुवात केली होती. वारा फिरला होता, गावाशेजारच्या ज्वालामुखीचा गंधक घशात उतरत होता, आणि कुणीही खोकत नव्हतं.

सहाव्या डावानंतर यादेरनं मला पाण्याच्या पिंपामागे ओढलं.

"ओफिल्यो भाऊ, कोपरात काहीतरी झालंय. सुई घुसल्यासारखं."

"मास्तरांना सांग."

"वेडा आहेस का? ते काढतील."

"काढू देत की."

"नाही जमणार. सकाळी समितीतला तो काळ्या चष्म्यावाला आला होता. म्हणाला, उत्तरेकडून, अमेरिकेतून, खेळाडू निवडणारा माणूस आलाय, वेग मोजायचं यंत्र घेऊन जाळीमागे बसलाय. 'नऊच्या नऊ डाव टाक, तुझा करार झाला म्हणून समज. मध्येच उतरलास तर जन्मभर गाडगी थाप.'" त्यानं माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता. त्या उन्हात! "तीन डाव, भाऊ. फक्त तीन. सांभाळून घे."

मी सांभाळून घेतलं. हा माझा गुन्हा. तुमच्या कागदावर तो कुठेच नाही, म्हणून मीच लिहितो.

सातव्या डावात यादेरनं दोघांना फुकट बेसवर जाऊ दिलं. चेंडू जिथे मागायचो तिथे येईना. कडेनं पाहिलं तर मास्तरांनी आरी खाली ठेवली होती. ते उठत होते. मी फिलेमोन काकांकडे वळलो.

"काका, चेंडू उसवलाय. नवा द्या."

काकांनी जुना न बघताच पिशवीत टाकला आणि नवा काढून दिला. मी तो यादेरकडे फेकला. मास्तर उंचवट्यावर पोचले, मीही पोचलो. त्यांनी तळहात पुढे केला. यादेरनं चेंडू ठेवला. अंड्यासारखा पांढराशुभ्र, त्यावर माझ्या बोटांच्या मातीशिवाय काही नाही.

मास्तरांनी फिरवला. मग यादेरकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"हा कधी आला?"

"आत्ताच. जुना उसवला होता."

"उसवला होता," ते हळूच म्हणाले. अकरा वर्षं चेंडूंच्या शिवणी स्वतः तपासून देणारा माणूस. त्यांनी चेंडू खिशात टाकला आणि डावा हात वर केला. बदली पिचर चेपे कुंपणाजवळ हात मोकळे करत होता, तो धावत निघाला.

"मास्तर!" यादेर ओरडला. "एक हिट नाहीये मला! एकसुद्धा!"

"माहीत आहे."

"तो उत्तरेकडचा बघतोय!"

"बघू दे. पुढच्या वर्षीही बघेल. हात पाहिजे फक्त."

यादेरनं टोपी आपटली. तुम्हाला आवडते तशी. लोकांनी पाण्याच्या पिशव्या फेकल्या, आंब्याच्या कोयी फेकल्या. एक कोय मास्तरांच्या मानेवर बसली. ते चालत परत गेले, बसले, आरी उचलली.

चेपेला तीन धावा बसल्या. तीन-दोन. हरलो.

तुमचा काळ्या चष्म्यावाला बाकापाशी येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "कुणाला विचारून काढलंस त्याला? भ्यालास का?" चाळीस वर्षांच्या आतला माणूस, सत्तरीच्या माणसाला अरेतुरे. मास्तर म्हणाले, "मी काढला. हरलो ते माझ्यावर लिहा." आणि तुम्ही ते खरंच लिहिलंत.

सोमवारी यादेरनं कोपर दाखवलं. डॉक्टरनं फोटो काढला. स्नायूबंध फाटायला आलाय, पण फाटलेला नाही. दोन महिने चेंडूला हात लावायचा नाही, मग पहिल्यासारखा. "अजून दहा-बारा चेंडू टाकले असतेस तर," डॉक्टर म्हणाला, "गाडगी थापणंही कठीण होतं." ही बातमी आणि तुमचा कागद एकाच सकाळी गावात आले.

मी मास्तरांच्या दुकानात गेलो. ते खोगिराला भोकं पाडत होते.

"मास्तर, चेंडू मी बदलला."

"मग काय, फिलेमोननं बदलला?"

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"तू नवा चेंडू मागितलास तेव्हाच. नवा मागायची एवढी घाई, म्हणजे जुन्यावर काहीतरी असणार. बदलला नसतास तर कदाचित मी परत दिला असता. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत." ते हसले. मला हसू येईना.

"मग समितीला का नाही सांगितलं? माझं नाव घ्यायचं होतं. यादेरचं घ्यायचं होतं."

त्यांनी आरी ठेवली. "कोपर दुखतंय हे मी तिथं बोललो असतो तर जाळीमागच्या माणसानं ऐकलं असतं. दुखऱ्या हाताला कोण नेतं? म्हातारा मॅनेजर बिथरला, एवढंच त्याला कळू दे. म्हाताऱ्याला कुठे करार पाहिजे? आणि तू कॅचर आहेस. पिचरच्या बाजूनं तू नाही उभं राहायचं तर कुणी? ते तू केलंस. फक्त पुढच्या वेळी कुठली बाजू त्याची, ते नीट बघ."

"पुढच्या वेळी तुम्ही असाल का?"

"तो प्रश्न मला नको विचारूस," ते म्हणाले आणि परत भोकं पाडायला लागले.

मग मी फिलेमोन काकांकडे गेलो. पिशवी अंगणात वाळत पडली होती. त्यांनी जुना चेंडू शोधून काढला, शिवण बोटानं चाचपली आणि माझ्यावर डाफरले, "उसवलाय कुठे रे, चांडाळा? एकशे आठ टाके शाबूत आहेत!"

"द्या इकडे."

शिवणीच्या कडेला चार चंद्रकोरी. दोन इतक्या खोल की नख आत बसावं.

मंगळवारी तुमचा माणूस येऊन गेल्यावर मी सगळ्या संघाला माझ्या अंगणात बोलावलं. यादेर उजवा हात गळ्यात बांधून आला. मी चेंडू त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, हे लिहू का? लिहिलं तर सगळ्यांना कळेल. मास्तरांनी जे झाकलं ते उघडं पडेल. उत्तरेकडचा परत येईल, न येईल.

यादेरनं चेंडू जवळ ओढला. मग त्यानं डावा हात चेंडूवर ठेवला, नखं त्या खुणांवर टेकवून पाहिली. डाव्या हाताची ती, बसली नाहीत.

"लिही," तो म्हणाला. "माझं नाव घालून लिही. मला ज्यानं काढलं त्याला मी शिव्या दिल्या. ज्यानं नऊ डाव उभं राहायला सांगितलं त्याला मी 'साहेब' म्हणालो. लिही."

"पुतोय, नीट विचार कर," एर्नान म्हणाला.

"विचार मास्तरांनी केला ना, उंचवट्यावर. तेवढा पुरे."

खालची पहिली सही त्याची आहे. डाव्या हातानं केलीय, म्हणून वाकडी. बाकीच्या सतरा सरळ आहेत. चेपेचीही आहे, ज्याच्या तीन धावांवर तुमचा कागद उभा आहे.

तुमच्या जागेबद्दल माझं उत्तर: नाही. टोपी आपटायला मला येते, आरडाओरडा त्याहून चांगला येतो. पण पिचरचा हात आणि माझी इच्छा यांत फरक करायला मला अजून येत नाही. हे रविवारी सिद्ध झालंय. ज्याला येतं त्याला तुम्ही काढलंत.

रविवारी एक वाजता तिसरा सामना आहे. आम्ही अठरा जण मैदानात असू, पट्टे आवळून, हातमोजे घालून. बाकावर मास्तर असतील तर खेळू. नसतील तर उभे राहू, नऊ डाव उन्हात उभे राहू, आणि लोकांनी विचारलं की दरवाजावरचा कागद दाखवू.

चेंडू या पत्राबरोबर पाठवतोय. फिरवून बघा. तळहातावर घ्या, काळा चष्मा काढून उजेडात धरा. आणि एवढंच सांगा, नाव घेऊन, सही करून, त्याच दरवाजावर, एकच्या आत: रविवारी सकाळी यादेर पुतोयला 'नऊच्या नऊ डाव टाक' असं तुमच्यापैकी कोण म्हणालं?