तीन राजे

"टाकले," म्हणत कंपाउंडरने आपले पत्ते पालथे फेकले, पण ते टेबलाच्या कडेला आपटून उलटले. त्यात तीन राजे निघाले.

टेलरमास्तर आपल्या हातातल्या दोन नव्व्यांकडे बघत राहिले. तेवढ्याच जोरावर त्यांनी समोरची सगळी बटणं डावावर लावली होती. वायरमनच्या दुकानामागे या तिघांचा पोकर कोटाच्या बटणांवरच चाले; पैसा आला की माणूस नासतो, हे मास्तरांचं म्हणणं. नियमही त्यांचेच. चोरून पत्ते बघितले म्हणून सख्ख्या मेहुण्याला त्यांनी इथून उठवलं होतं आणि बायकोचा अबोला निमूट सोसला होता.

"तीन राजे असताना डाव सोडलास?"

"चष्मा घरी राहिला हो."

"चष्मा नाकावर आहे तुझ्या."

वायरमनला हसू फुटलं, ते त्याने घाईघाईने गिळलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"वहिनी गेल्या तेव्हापासून," वायरमन मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही दुकानही बंद केलंत. म्हटलं, रविवारी तरी जरा..."

"म्हणजे भीक घातलीत."

"असं काय बोलता मास्तर!"

हात थरथरू लागला तशी मास्तरांची कात्री सुटली, मग दुकान गेलं, मग घरात कुणी त्यांना काही विचारेनासं झालं. या टेबलावर आपलं डोकं अजून चालतं, एवढ्यावर ते आठवडा ढकलत. मित्रांनी लबाडी केली होती आणि तीही मायेपोटी, त्यामुळे धड भांडायचीही सोय राहिली नव्हती.

"वाट पत्ते," मास्तर म्हणाले. "आता खरं खेळायचं. माझी शपथ आहे."

या वेळी मास्तरांच्या हातात पाचही पत्ते बदामाचे आले, तीन राजांनाही भारी पडणारे. त्यांनी बटणं पुढे सरकवताच दोघांनी पत्ते टाकले आणि न विचारताच उलटून दाखवले.

"बघा. खरंच काही नव्हतं हो."

खरंच नव्हतं. डाव मास्तरांनी सरळ जिंकला होता, पण तो आपला आहे असं काही केल्या वाटेना. बटणं तशीच टाकून ते उठले.

"पुढच्या रविवारी येणार ना?" कंपाउंडरने चाचरत विचारलं.

"येतो की. दुसरीकडे कोण घेणार मला खेळायला?"

पायरी उतरताना वायरमनने त्यांचा दंड धरला. एरवी मास्तरांनी तो हात झटकला असता. आज त्यांनी धरू दिला.