हौसाने मागितलेलं मशीन

लाइन आळीतल्या कुमुदताईंच्या खानावळीत हौसा अकरा वर्षं भांडी घासत होती. माशांचं जेवण, त्यामुळे ताटांना हळद आणि तेल धरून बसलेलं. साबण आणि गरम पाणी सढळ लागायचं. गेल्या वर्षी तिच्या बोटांच्या बेचक्या सोलवटल्या, त्या काही केल्या भरून येईनात. रबरी हातमोजे घालून पाहिले, तर आत पाणी शिरे आणि हातातले पेले निसटत. डॉक्टर म्हणाले, दोन महिने हात कोरडे ठेवा. हौसाने मान हलवली आणि तिथून तशीच कामावर गेली.

तिचा जावई निकेश तळोज्यात एका कंपनीच्या कँटीनमध्ये होता. तिथलं भांडी धुवायचं मशीन त्याने एकदा सासूला मोबाइलवर दाखवलं. जाळीत ताटं उभी लावायची, झाकण खाली ओढायचं, दोन मिनिटांत वाफाळती ताटं बाहेर. पाण्यात हात बुडवायचाच नाही. हौसाने तो व्हिडिओ तीनदा बघितला.

मोरीवर तिच्या जोडीला भामा असे. दोघी शिरढोणच्या. भामाच्या घरच्यांचं मिठागरातलं काम सुटलं, तेव्हा हौसानेच तिला इथे आणून उभी केली होती, त्याला चार वर्षं झाली. एकदा भामा नात्यातल्या हळदीला उरणला गेली आणि हौसाने ती दुपार गाठली. कुमुदताई जेवायला बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तिने दोन्ही पंजे उघडून धरले आणि असं मशीन मिळतं, ते आपल्याकडे आणा, असं सांगून टाकलं. ताई घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मशीन आलं की माणसं कमी लागतात, हे तुमच्या लक्षात आलंय ना, असं त्यांनी विचारलं. हौसा म्हणाली, आलंय. खरं तर तिच्या डोक्यात तेव्हा हातांपलीकडे काही नव्हतं.

दोन महिन्यांनी मशीन आलं. बसवायला आलेल्या माणसाने दोघींना शिकवलं. भामा दिवसभर पुटपुटत होती, की आता हे आपल्याला गिळणार. हौसा खाली मान घालून खरकटं काढत राहिली. सांगू, उद्या सांगू, असं करता करता ती गोष्ट तिच्या तोंडून निघालीच नाही.

मशीन चांगलं निघालं. ताटं, वाट्या, पेले लखलखीत निघत. कालवणाची करपलेली पातेली आणि भाकरीचे तवे मात्र त्याच्या बापाला आवरत नव्हते. ते हातानेच घासावे लागत. खरकटंही आधी हातानेच काढावं लागे. तरी एवढं सगळं मिळून काम उरलं एका बाईचं आणि वर थोडंसं. महिन्याने कुमुदताईंनी दोघींना बोलावलं. एकीला पूर्ण दिवस आणि दुसरीला फक्त दुपारपर्यंत, यापेक्षा जास्त जमणार नाही, असं त्या म्हणाल्या. हौसा जुनी, म्हणून पूर्ण दिवस तिचा. अर्धा दिवस भामाने घेतला नाही. आठवड्यात तिने पळस्प्याच्या एका हॉटेलात भांड्यांचंच काम धरलं.

हौसाच्या बोटांवर नवी कातडी आली. मीठ-लिंबू लागलं तरी झोंबेना. पण गावात ती भामाच्या घरावरून जायचं टाळू लागली. पाणंदीने वळसा घालून जायची. तीन महिने असे गेले. मग एका सोमवारी, खानावळीच्या सुट्टीच्या दिवशी, ती दुपारची सरळ भामाच्या ओटीवर जाऊन बसली.

भामा सुपात जवळा निवडत होती. तिने वर बघितलं, पाट पुढे सरकवला.

"मशीन मीच मागितली व्हती," हौसा म्हणाली. "तू हळदीला गेलेलीस तवा."

"ठाव हाय मना," भामा म्हणाली. "ताईंनी मशीन आली त्याच दिशी सांगितलेला."

भामाचे हात सुपात चालूच होते.

"मशीनचा राग नाय, काकी. माजे हात काय लोखंडाचे हायेत? पन तू एकलीच गेलीस. मना संगती नेली असतीस, तर दोघी मिलून बोललो असतो, की मशीन आना, पन आमाला दोघींना ठेवा. आनायच्या आदी बोलला तर मानूस ऐकतो. आनल्यावर कोन ऐकतो?"

हौसाने सूप आपल्याकडे ओढलं आणि जवळ्यातला कचरा वेचू लागली. मग भामानेच सांगितलं, की पळस्प्याच्या हॉटेलाचे मालक धर्मराजशेठही मशीन बघून आलेत. तिथे भांड्यांवर भामा धरून तिघीजणी आहेत. तिघींनी मिळून शेठना भेटायचं ठरवलंय.

"तू येशील?" तिने विचारलं. "मशीन काय करते आन काय नाय, त्ये आमाला नीट सांगता येनार नाय."

पुढच्या सोमवारी हौसा गेली. धर्मराजशेठ आधी घाईत होते, मग खुर्ची ओढून बसले. तिने त्यांना तव्यांचं सांगितलं, खरकट्याचं सांगितलं, गर्दीच्या वेळी जाळ्या भरायला आणि काढायला दोन माणसं कशी लागतात ते सांगितलं. तिसरीचं काम उरणार नाही, हेही लपवलं नाही. शेठनी विचार करतो म्हटलं. पुढे तिथे मशीन आलं तेव्हा भामा धरून दोघी त्याच्यावर राहिल्या आणि तिसरी भाकऱ्या थापायला आत गेली. तिला ते काम फारसं आवडत नाही, भामा सांगते.

आता कधी ऐन जेवणाच्या वेळी हौसाचा फोन वाजतो. मशीनचा लाल दिवा लागलाय, आता काय करू, असं भामा तिकडून विचारते. आतली चाळणी काढून धुतलीस का, हौसा विचारते. भामा फोन तसाच चालू ठेवून बघायला जाते आणि हौसा कानाशी धरून थांबते. तिकडून ताटांचा खणखणाट येत राहतो.