मिशीवाली सवत

शिंपिणीला सवत होती, आणि सवतीला मिशा होत्या. तीन गल्ल्या सोडून राहणारे निवृत्त पोस्टमास्तर ते. संध्याकाळी सातला टीव्हीवर चर्चा नावाची आरडाओरड सुरू झाली की शिंपी सरकारच्या बाजूने आणि पोस्टमास्तर विरोधकांच्या बाजूने वस्तीच्या ग्रुपवर असे हातघाईवर यायचे, की बाकीचे लोक ताटावर बसून वाचत राहायचे. देशद्रोही, चमचा, विकाऊ, गाढव, हा रोजचा रतीब.

शिंपिणीला राजकारणाचं सोयरसुतक नव्हतं. तिच्या पोटात दुखायचं ते निराळ्याच कारणाने. या माणसाचं नवऱ्याला सगळं पाठ होतं. तो किती वाजता उठतो, पहिला टोमणा चहाच्या आधी मारतो की नंतर, त्याचा कोणता गुडघा दुखतो. तिचा कोणता गुडघा दुखतो हे शिंप्याने छातीवर हात ठेवून सांगावं! तीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसून काजं करत होती, बटणं लावत होती. आताशा डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि सुईत दोरा ओवायला पाच-पाच मिनिटं लागायची. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. तिने ते दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो फोनमधून डोकं वर न काढता "हं" म्हणाला. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. त्याला आठवलं तर ठीक, नाही तर बहिणीला सोबत न्यायचं आणि दवाखान्यातून थेट तिच्याच घरी जाऊन राहायचं. मग बसावं त्याने पोस्टमास्तरांना मांडीवर घेऊन.

सोमवारी पोस्टमास्तर गप्प झाले. सकाळी टोमणा नाही, सातच्या चर्चेनंतर शिवी नाही. मंगळवारी शिंप्याला चैन पडेना. दर दोन मिनिटांनी गळ्यातली फीत बाजूला सारून तो फोन बघायचा. "आजारी तर नसेल ना गं? वय झालंय त्याचं." जेवण अर्धं टाकलं. एका शर्टाची डावी बाही उजवीकडे जोडली, मग उसवत बसला. शिंपीण बघत राहिली. ती माहेरी महिनाभर राहून आली होती तेव्हा याची एक टीप वाकडी गेली नव्हती! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवारी सकाळी तिने ठेवणीतले कपडे घातले, केस नीट बांधले आणि "बटणं आणायला जाते" असं सांगून निघाली. सवतीला एकदा समोरासमोर बघायचंच होतं.

दार पोस्टमास्तरांच्या बायकोने उघडलं आणि तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या शिंप्याच्या?"

"हो. तुमचे हे बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय!" बाईने आवाज खाली आणला. "फोन पिठाच्या डब्यात पुरलाय मी. उठल्यापासून तुमच्या नवऱ्याशी गप्पा. चाळीस वर्षांत माझ्याशी एवढं बोलले नाहीत. आता बसा म्हटलं."

शिंपिणीला ही बाई एकदम आवडली.

आत पोस्टमास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती आलेली कळताच उठून बसले. मिशा ग्रुपवरच्या फोटोतल्यापेक्षा बारीक निघाल्या.

"वहिनी, तुम्ही? उद्या तुमचं ऑपरेशन ना? डावा डोळा. सकाळी आठला पोचायचंय."

शिंपिणीने खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. गाढव आहे तो, महिनाभर माझं डोकं खातोय. माझं गेल्या वर्षी झालं ना. दुखतं का, आत किती वेळ ठेवतात, थेंब कितीदा घालायचे, किती दिवस वाकायचं नाही. ग्रुपवर शिव्या देऊन झाल्या की मला वेगळं लिहितो हे सगळं. 'तिच्या डोळ्याला काही झालं तर', एवढं लिहितो आणि पुढचं वाक्य पुरं करत नाही."

निघताना पोस्टमास्तरीण दारात कुजबुजली, "देऊ का फोन परत?"

"उद्याचा दिवस राहू द्या पिठात," शिंपीण म्हणाली.

वाटेत तिला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जळजळ झाली. शिव्याही त्यालाच द्यायच्या, आणि तिच्या डोळ्याची काळजीही त्यालाच सांगायची! तिच्या वाट्याला नुसतं "हं".

शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा होता. "एवढा वेळ? बटणं कुठायत?"

"पोस्टमास्तरांकडे गेले होते. ठणठणीत आहेत. बायकोने फोन लपवलाय."

त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. "काय काय म्हणाला तो?"

"सगळं म्हणाले." आता तिचा आवाज चढला. "महिनाभर त्या परक्या माणसाला विचारत होतात. मी काय मेले होते? हातभर अंतरावर बसले होते!"

शिंपी फीत बोटांभोवती गुंडाळत राहिला. "तुझ्यापुढे कसं बोलणार? तू मला धीराचा समजतेस. तो आधीच मला गाढव म्हणतो. त्याच्यापुढे घाबरलो तरी काय बिघडतं?"

शिंपिणीने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि आपल्या शेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा इथे. गाढव आहात तुम्ही. घ्या, मीही म्हटलं. आता सांगा. त्यांना लिहिलंत ते सगळं, आणि अर्धं ठेवलंत ते वाक्यही."