गारवाबाबाची गीर गाय

भर वैशाखात, दुपारी एक वाजता, मार्गासनीचं निम्मं गाव देवळापुढच्या पटांगणात घामाघूम उभं होतं. मधोमध एक गीर गाय मात्र निवांत रवंथ करत होती. ना धाप, ना फेस. तिला टेम्पोतून आणणाऱ्या महाराजांचं गावानं दोन दिवसांत ‘गारवाबाबा’ असं बारसंही करून टाकलं होतं.

“हिच्या वशिंडात साक्षात देवी बसली आहे! सूर्यनारायणसुद्धा हिला शिवत नाही. विचारा प्रश्न! अंग शहारलं तर होकार, नाहीतर नकार!”

बाबांनी गायीच्या खांद्यावरून हात फिरवला की कातडीवर सर्रकन लहर उठायची. मी इथला शाळामास्तर. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीही हळूच माझ्या बदलीचं विचारून आलो होतो.

हसून सोडून दिलं असतं. पण शेजारीच भामाबाईंची विलायती होल्स्टिन गाय बांधली होती. जीभ बाहेर, लाळेच्या तारा, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. त्यांच्या घरातलं हे एकुलतं दुभतं जनावर. गाय धापते म्हणजे बाधा झालीय, पाच दुपारी तिला पाण्याविना देवीसमोर उन्हात बांधा, असा कौल मिळाला होता. आजची दुसरी दुपार. तिसरी ती बघेल असं मला वाटेना. भीतीच वाटली. मी वेल्ह्याहून गुरांच्या डॉक्टर सुप्रियाला बोलावून घेतलं.

ती वाद घालत बसली नाही. तिनं हैबतीमामांचा देशी बैल पुढं आणवला, गवताची काडी उचलली आणि हळूच त्याच्या खांद्याला लावली.

“बैलोबा, महाराज पुढच्या वर्षी मार्गासनीचे सरपंच होणार का?”

बैल शहारला.

“आणि महाराज लबाड आहेत का?”

बैल पुन्हा शहारला. पटांगणात हशा पिकला.

“अवो, माशी बसली की रोज व्हय म्हनतंय त्ये!” हैबतीमामा म्हणाले.

सुप्रियानं बाबांचा हात उलटा केला. दोन बोटांच्या बेचक्यात गवताचं कुसळ! होकार हवा तेव्हा ते टेकवायचं, नको तेव्हा नुसता तळवा.

“देशी गुरांची कातडी सैल असते, माशी उडवायला ती अशी थरथरते,” ती म्हणाली. “गळ्याची लोंबती पोळी, लांब कान, आखूड केस, भरपूर घाम, यानं गीरच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. वशिंडात मांस आणि चरबी आहे. मावशी, तुमची गाय थंड मुलखातल्या वंशाची. तिला बाधा झालीय ती उन्हाची.”

“पन पानी पाजलं आन् देवी कोपली म्हंजी?”

“माझ्यावर कोपू दे. गाठ सोडा.”

भामाबाईंनी गाठ सोडली. गाय चिंचेखाली नेली, अंगावर घागरी ओतल्या, पुढं बादली ठेवली. तिनं पाण्यात तोंड घातलं तेव्हा भामाबाई रडल्या.

जनावर धापू लागलं तर आधी सावली, पाणी आणि डॉक्टर. आणि कुणी चमत्कार दाखवला तर आधी त्याचा हात बघा. माझं एवढंच मागणं आहे.

बाबा टेम्पोकडं सटकत होते. भामाबाई डोळे पुसून उठल्या, दुसरी बादली घेऊन गीर गायीकडं गेल्या. तिनं ती एका दमात संपवली.

“ऊन सोसतीया म्हनून उन्हातच उभी करायची व्हय रं?” त्या बाबांवर कडाडल्या. “लई तहानलीया की ही!”