मागची खिडकी

वकीलबाईंनी टेबलावरचे कागद उलटे करून ठेवले, उठून दार उघडलं आणि तात्यांना म्हणाल्या, "आता तुम्ही जरा बाहेर बसा."

तात्या हलले नाहीत. बाई आपल्या बायकोलाच म्हणाल्या असतील असं समजून त्यांनी माईंकडे बघितलं.

"मी?"

"तुम्ही. मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय. नंतर तुमच्याशी बोलेन, तेव्हा त्या बाहेर बसतील. तुमच्या देशातलं राहतं घर दोघांच्या नावावर आहे. ते विकून इथला फ्लॅट घ्यायचा तर दोघांचं म्हणणं मला वेगवेगळं ऐकायला हवं. माझी पद्धतच आहे तशी."

बाईंचं इंग्रजी स्वच्छ होतं, आवाजात राग नव्हता, पण दार काही त्या सोडत नव्हत्या.

"अहो, पण हिला इथली भाषा येत नाही," तात्या म्हणाले. "इंग्रजीही यथातथाच. सगळं मीच सांगत आलोय. मी दुभाषा म्हणून बसतो. पदरचा एक शब्द घालणार नाही."

"नवरा दुभाषा म्हणून चालत नाही. मी फोन करून एका बाईंना बोलावून घेते."

तेवढ्यात माई बोलल्या. मांडीवरची पर्स सरळ करत, वकीलबाईंकडे बघत, हळू आवाजात दोन-तीन वाक्यं. तात्यांना त्यातले 'फोन' आणि 'नको' एवढेच शब्द कळले. कारण माई त्या गावच्या भाषेत बोलल्या होत्या.

वकीलबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, माईंनी उत्तर दिलं. अडखळत नाही, फक्त जिना उतरताना कठडा धरावा तशा जरा जपून. बाई हसल्या आणि त्यांनी उचललेला फोन खाली ठेवला.

"दुभाष्याची गरज नाही," त्या तात्यांना म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर तात्या बसले. समोर काचेची भिंत होती. आतलं सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. माई हातवारे करत होत्या. घरी पाहुणे आले की दारामागे उभी राहणारी, चार माणसांत तोंड न उघडणारी ही बाई एका परक्या वकिलासमोर दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मांडत होती. तात्यांना चोरी पकडल्यासारखं वाटलं, पण चोरी कोणाची ते कळेना.

लग्न झालं त्या वर्षी ते दोघं या गावात आले होते. तात्यांना गोदीच्या कचेरीत नकाशे काढायचं काम होतं. लोखंडी सामानाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली होती, आणि त्या खोलीला समोर एक खिडकी होती. संध्याकाळी कामावरून आलं की खिडकीशी दोन खुर्च्या टाकायच्या, पाय चौकटीवर ठेवायचे आणि बंदरातले दिवे लागताना बघायचे. पुढे मायदेशी चांगली नोकरी मिळाली, मुलगी झाली, तिचं लग्न झालं, घर झालं. पण सुख म्हटलं की तात्यांच्या डोळ्यांपुढे अजून ते दिवे यायचे. आयुष्यात पुन्हा तसं कधी बसणं झालं नाही, हे ते चारचौघांत सांगायचे.

रविवारी दोघं बाजारात जायची. दुकानदार काही बोलला की माई विचारायच्या, "काय म्हणाला?" मग तात्या ऐटीत सांगायचे, "म्हणतोय, ताजा माल उद्या येईल." कचेरीत सगळे इंग्रजी बोलायचे, त्यामुळे तात्यांना गावची भाषा आली ती नमस्कार आणि आकडे इतपतच. बाकीचं ते ठोकून द्यायचे. माई मान हलवायच्या. एकदा मासळीवाला काहीतरी बोलला आणि तात्यांनी अर्थ सांगायच्या आधीच माई खुदकन हसल्या. मासळीवाल्याच्या मिशांना हसली असेल, असं तात्यांना तेव्हा वाटलं होतं.

आता बाकावर बसल्या बसल्या त्यांचे कान तापले.

फ्लॅटची बातमी आणली ती 'आपल्या माणसाने'. हा बिल्डरचा एजंट. मूळचा आपल्याकडचा, आपली भाषा बोलणारा, पहिल्याच फोनमध्ये 'काका' म्हणणारा. परमुलखात आपल्या भाषेत कुणी काका म्हटलं की शहाणा माणूसही लोण्यासारखा पघळतो. तात्या तर मुळातच लोणी. "काका, तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी इमारत झालीये. आठवा मजला. खिडकीत अख्खं बंदर! आणि वकिलाची काळजी करू नका, बिल्डरचाच आहे, सगळं तोच बघतो." दोघं येऊन फ्लॅट बघून गेली, बिल्डरच्या वकिलाकडे चहा झाला, आणि त्याच संध्याकाळी माई म्हणाल्या, "आपण आपला वेगळा वकील करू या."

"अगं, तो आपला माणूस आहे. वेगळा वकील करायचा म्हणजे तोंडावर त्याला चोर म्हणायचं."

"म्हणू नका. नुसता वकील करा."

आपल्या माणसाने तोंड एवढंसं केलं, "काकू, विश्वास नाही का?" म्हणाला. माईंनी त्याला आणखी एक बिस्कीट दिलं. वकीलबाईंच्या पहिल्या भेटीत माईंनी एकच प्रश्न विचारायला लावला होता: इमारतीसमोरच्या रिकाम्या जागेचं काय? तात्यांनी ओशाळं हसत तो इंग्रजीत सांगितला होता. वर "बायकांच्या शंका असतात," हेही जोडलं होतं. बायकांच्या शंका, आणि तेही एका बाईलाच सांगितलं होतं.

दार उघडलं. माई बाहेर आल्या, तात्यांकडे न बघता बाकावर बसल्या. तात्या आत गेले.

"तुम्हाला हा फ्लॅट का हवाय?" वकीलबाईंनी विचारलं.

"खिडकीसाठी," तात्या म्हणाले. मग त्यांना ते पुरेसं वाटेना. "ही इथे फार सुखात होती. मला तिला ते परत द्यायचंय. आता राहिलेत किती दिवस?"

बाईंनी कागद सुलटे केले. समोरची रिकामी जागा त्याच बिल्डरची होती आणि तिथे उंच इमारत बांधायची परवानगी त्याला केव्हाच मिळाली होती. भिंती चढल्या की आठव्या मजल्यावरून दिसणार होती ती समोरच्यांची स्वयंपाकघरं. फ्लॅटमध्ये बाकी खोट काही नव्हती. कायद्याने तो बिनघोर घेता आला असता.

"फक्त समुद्र तुमच्या नावावर होत नाही," बाई म्हणाल्या. "माझा सल्ला विचाराल तर सही करू नका."

तात्यांनी काचेतून बाहेर बाकावरच्या माईंकडे बघितलं.

"हिला काय हवंय? काय म्हणाली ती?"

"ते मला सांगता येणार नाही. त्याही माझ्या अशील आहेत." वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "तिथे बाहेरच तर बसल्यात. विचारा की."

दोघं रस्त्याला लागली.

"भाषा कधी शिकलीस?"

"तुम्ही कामावर गेलात की मी मागची खिडकी उघडायचे. पलीकडच्या इमारतीत एक शिवणकाम करणारी बाई होती. हात लांब केला की सुई देता यायची, इतकी जवळ. दिवसभर बोलायची. मग मलाही यायला लागलं."

"मागे खिडकी होती?"

"होती की. मोरीवर."

तात्यांनी आठवून बघितलं. आठवेना. तीन वर्षं ते त्या मोरीत आंघोळ करत होते.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही किती हौसेने सांगायचात, काय म्हणाला ते. मला आवडायचं ऐकायला. खोटं असलं तरी." माई हसल्या, मग गंभीर झाल्या. "त्या दिवशी चहाला तो तुमचा आपला माणूस माझ्यासमोरच बिल्डरच्या वकिलाला इथल्या भाषेत सांगत होता, समोरच्या इमारतीचं काढू नकोस, म्हाताऱ्याचा जीव खिडकीत अडकलाय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याला मिठी मारत होतात ना."

तात्या थांबले. दुकानाच्या काचेत दोघांची प्रतिबिंबं दिसत होती, एक उंच, एक बुटकं. वकीलबाई म्हणाल्या तो प्रश्न सगळ्या संसारात आपण एकदाही विचारलेला नाही, हे त्यांना उमगलं, आणि वाईट वाटलं ते त्याचंच.

"तुला काय हवंय गं?"

माईंनी लगेच उत्तर दिलं. ते कित्येक वर्षांपासून तयार असावं.

"तिकडचं घर विकायचं नाही. लेक कुठे येईल मग माहेराला? इथे वर्षातून महिनाभर खोली भाड्याने घेऊ. मागच्या गल्लीत. समुद्र बघायला बंदरावर चालत जाऊ, पाय मोडले नाहीत अजून." मग म्हणाल्या, "ती शिवणवाली आता नसेलच. पण खिडकी असेल."

कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. तात्या सवयीने पुढे झाले, दोन बोटं वर करून दुकानदाराला दाखवणार तोच त्यांनी हात खाली घेतला आणि बाजूला सरकले.

"तू सांग."

माईंनी सांगितलं. दुकानदार तरुण होता. तो चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिला, मग हसत हसत काहीतरी बोलला. माईही हसल्या आणि त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. दुकानदाराने तात्यांकडे वळून मान लववली.

"काय म्हणाला?" तात्यांनी विचारलं.

"म्हणतोय, तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता. पूर्वी इथे राहायचात का?"

"मग तू काय सांगितलंस?"

माईंनी त्यांचा कप त्यांच्या हातात दिला.

"म्हटलं, मी राहायचे. हे पहिल्यांदाच आलेत."