सौरवची फ्लॉपी

माझ्या भावाला, दीपंकरला, एकच औषध ठाऊक आहे. मोबाइल अडकला, फॉरमॅट मार. लॅपटॉप रुसला, फॉरमॅट मार. निपाणीतले दुकानदारही हेच सांगतात, त्यामुळे त्याची श्रद्धा आणखी पक्की.

मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात त्यानं कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घातली. 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि या शहाण्यानं 'हो' दाबलं.

त्या फ्लॉपीत सौरवचा फोटो होता. सौरव आमचा थोरला भाऊ, चौथ्या वर्षी तापानं गेला. मी तेव्हा पाळण्यात होते, दीपंकर जन्मलाही नव्हता. घरातल्या सगळ्या फोटोंचा सदलग्याच्या महापुरात लगदा झाला. उरला हा एकच, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीच्या पत्रिकेसाठी छापखानेवाल्या नेमिनाथ अण्णांनी त्यांच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवर स्कॅन करून घेतलेला. छापखाना कधीच बंद पडला, पण अण्णांनी शोधून फ्लॉपी दिली. आई सकाळपासून खुर्ची ओढून बसली होती.

"आधी तुझंच डोस्कं फॉरमॅट मारायला पायजे," मी दीपंकरवर ओरडले.

"आक्का, त्योच इचारला की," तो रडकुंडीला आला. "पर झालं न्हाय. डिस्क लॉक हाय म्हनतोय."

फ्लॉपी काढून पाहिली. कोपऱ्यातली बारकी खिटी सरकवलेली होती, म्हणजे वाचता येईल, पुसता येणार नाही. मी अण्णांना फोन लावला.

"लग्नपत्रिकेच्या डिस्का आमी पुसून पुसून वापरायचो गं," ते म्हणाले. "गेलेल्या मानसाची तेवढी लॉक करून ठेवायची. ती कशी पुसायची?"

माझा जीव भांड्यात पडला.

विंडोजला मॅकची डिस्क ओळखता येत नाही, आणि जे ओळखता येत नाही ते त्याला कोरंच वाटतं. मी विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा माझा लॅपटॉप काढला आणि फ्लॉपीचा ड्राइव्ह त्याला जोडला. त्यात असल्या डिस्का वाचणारं एक टूल आहे. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर टाइप करून मागायचं. डिस्क जोड म्हटलं. आत काय आहे दाखव म्हटलं. फायलींची नावं आली, त्यात रोमन अक्षरांत सौरव. ती बाहेर काढ म्हटलं. फ्लॉपी करकरत राहिली.

फोटो उघडला. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, कपाळाशी भोवरा, ओठ मुडपलेले.

आईनं पडद्याला हात लावला.

"ह्योच," ती म्हणाली. "दीपंकरावानी न्हाय ह्यो."

"म्हंजे?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली, त्याला आठवाय गेलं की दीपंकरच डोळ्यापुढं यायचा. आई असून लेकराचं तोंड इसरले मी. कुनाला सांगू?"

ती रडली, मीही रडले, आणि दोघींना फार बरं वाटलं. मग तिनं दीपंकरला ओढून पडद्याशेजारी बसवलं आणि एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत राहिली.

"तुजं नाक बी येगळं हाय की रं," ती त्याला म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.